चेहऱ्यावर नॉन-अ‍ॅब्लेटिव्ह लेझर करायचंय? आधी कालनिर्णय खाली काढा

चेहऱ्यावरचे खड्डे-सुरकुत्या कमी करायच्या लेझरचं मनात आलं की सगळ्याजणी आधी विचारतात मशीन कोणतं आणि पैसे किती. मी म्हणते भिंतीवरचं कालनिर्णय खाली काढा आणि पेन घेऊन बसा. कारण हे एका दिवसाचं काम नाहीये. साधारण तीन ते पाच सिटिंग लागतात, दोन सिटिंगमध्ये निदान चार आठवडे, पहिल्या सिटिंगच्या आधी दोन-तीन आठवडे ऊन टाळायचं आणि शेवटच्या सिटिंगनंतर अजून महिनाभर. बेरीज करा, पाच सिटिंग धरली तर पाच-सहा महिने होतात. आणि ते सहा महिने नाशिकचं ऊन, घरातली लग्नं आणि आपली कामं बघूनच बसवावे लागतात. मी ते बघितलं नाही म्हणून माझं एका हिवाळ्यात होणारं काम दोन हिवाळ्यांवर गेलं, ते पुढे सांगतेच.

मी त्रेचाळिसाव्या वर्षी केलं. गालांवर कॉलेजच्या वयातल्या पिंपल्सचे बहुतेक उथळ खड्डे, डोळ्यांच्या कडेला बारीक सुरकुत्या आणि नाकाच्या दोन्ही बाजूंना मोठी झालेली छिद्रं, एवढी तक्रार होती. रंग आपला नेहमीचा गव्हाळ-सावळा. हे रंगाचं मुद्दाम सांगतेय कारण पुढचं सगळं त्याच्यावरच अवलंबून आहे.

तर कॅलेंडर. माझ्या मते आपल्याकडे दिवाळी उरकली की सुरू करावं आणि फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत आवरावं. मार्च लागला की गंगापूर रोडवरून गाडी चालवताना सुद्धा चटका बसतो, आणि मध्येच रंगपंचमी येते. जुन्या नाशकात रहाडी उघडतात, रंगाने भरलेल्या हौदात धप्पा मारल्याशिवाय ज्यांचं वर्ष जात नाही त्यांनी शेवटचं सिटिंग आणि रंगपंचमी यात निदान सहा आठवडे ठेवा. तो रंग, ते पाणी आणि वर दुपारचं ऊन हे तिन्ही ताज्या लेझरच्या चेहऱ्याला नकोत. चैत्रात वणीला सप्तशृंगी गडावर पायी जाणाऱ्यांनीही हाच हिशोब धरा, ते दोन-तीन दिवसांचं चालणं म्हणजे सगळं उन्हातलंच.

दिंडोरी, निफाड, पिंपळगाव बाजूच्या द्राक्षबागेत काम करणाऱ्या मैत्रिणींचं गणित मात्र उलटं बसतं. ऑक्टोबर छाटणी झाली की डिपिंग म्हणजे घड औषधाच्या पाण्यात बुडवणं, विरळणी आणि मग जानेवारीपासून माल काढायला सुरुवात, म्हणजे अख्खा हिवाळा बागेत. त्यांनी मी म्हणेन जुलै-ऑगस्ट धरावा, एप्रिल छाटणीची गर्दी संपलेली असते आणि आभाळही भरलेलं असतं. फक्त ढग आहेत म्हणून सनस्क्रीन सोडायचं नाही हं, यूव्हीए किरण ढगातून पण येतात आणि खिडकीच्या काचेतून पण.

आता हे नॉन-अ‍ॅब्लेटिव्ह म्हणजे काय ते एकदा नीट समजून घ्या, नाहीतर क्लिनिकमध्ये समोरचा जे सांगेल त्याला मान हलवत बसाल. लेझरचे दोन मोठे गट आहेत. अ‍ॅब्लेटिव्ह म्हणजे त्वचेचा वरचा थर जाळून उडवणारे, कार्बन डायऑक्साइड लेझर 10,600 नॅनोमीटर तरंगलांबीचा आणि अर्बियम याग 2,940 चा. त्यात जखम होते, पाणी सुटतं, खपल्या धरतात, एक-दोन आठवडे घरात बसावं लागतं, रिझल्ट जास्त मिळतो पण आपल्या रंगाच्या त्वचेवर काळे डाग पडायची भीती पण जास्त. नॉन-अ‍ॅब्लेटिव्ह वरचा थर शाबूत ठेवतो आणि आच खालच्या थरापर्यंत नेतो. पुरणपोळी भाजताना आपण काय करतो, वरचा पापुद्रा फाटू द्यायचा नाही आणि पुरणापर्यंत धग पोचली पाहिजे, तसंच. म्हणून तर मशीनसोबत थंड हवेची नळी नाहीतर गार टोक असलेला हँडपीस असतो, वरून गारवा आणि आतून ऊब. खालच्या थरातलं कोलॅजन, म्हणजे त्वचेला घट्ट धरून ठेवणारं प्रथिन, त्या उष्णतेने थोडं आकसतं, शरीराला वाटतं इथे इजा झालीय, मग तिथल्या पेशी दुरुस्तीला लागतात आणि पुढचे तीन ते सहा महिने नवीन कोलॅजन बनत राहतं. मशीन फक्त काडी लावतं हो, बाकी सगळं काम आपली त्वचा करते आणि ती तिच्या वेगानेच करते.

या सगळ्याचं मूळ 1983 सालचं आहे. रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश या दोन अमेरिकन डॉक्टरांनी मांडलं की योग्य तरंगलांबी आणि योग्य वेळेचा पल्स, म्हणजे प्रकाशाचा क्षणिक झोत, निवडला तर त्वचेतलं हवं तेच लक्ष्य तापवता येतं, आजूबाजूचं वाचतं. मग 2004 मध्ये अँडरसन आणि डिटर मॅनस्टाइन यांच्या टीमने फ्रॅक्शनल पद्धत आणली. आपल्या भाषेत सांगायचं तर आधी शेताला मोकाट पाणी सोडत होते, आता ठिबक आलं. अख्खा गाल तापवायचा नाही, केसाएवढ्या जाडीचे हजारो बारीक ठिपके तापवायचे आणि मधली त्वचा तशीच सोडायची, ती न दुखावलेली त्वचाच ठिपके लवकर भरून काढते. ठिपके किती दाट मारायचे ते डॉक्टर ठरवतात, आणि आपल्यासाठी तोच सगळ्यात महत्त्वाचा आकडा आहे. सावळ्या त्वचेवर ठिपके विरळ ठेवायचे, सिटिंगमधलं अंतर वाढवायचं, गरज पडली तर एक सिटिंग जास्त करायचं. एका फटक्यात जास्त रिझल्ट मागू नका, तो काळ्या डागांच्या रूपात परत मिळतो.

क्लिनिकच्या पत्रकावर जे आकडे दिसतात त्यांचा अर्थ थोडक्यात. 1,064 म्हणजे एनडी याग, खोल जातो आणि त्वचेतला रंग त्याला कमी पकडतो म्हणून सावळ्या रंगाला तुलनेने सुरक्षित. 1,320, 1,450, 1,540, 1,550 हे त्वचेतल्या पाण्याला तापवतात, सुरकुत्या आणि पिंपल्सच्या खड्ड्यांना हे वापरतात, फ्रॅक्शनलमध्ये 1,540 आणि 1,550 जास्त दिसतात. 1,927 चा थुलियम वरवर राहतो, उन्हाने आलेला खडबडीतपणा आणि डाग यासाठी. आयपीएल हा लेझर नाहीच, तो वेगवेगळ्या तरंगलांब्यांचा एकत्र झोत असतो आणि सावळ्या त्वचेवर चुकीच्या हातात पट्ट्यापट्ट्यांनी भाजतो, तो कुणी लेझर म्हणून विकत असेल तर तिथून उठा. आणि कार्बन फेशियल का कार्बन पील म्हणतात ना, काळं लोशन लावून वरून टकटक आवाज येतो ते, तो बहुतेक क्यू-स्विच्ड, म्हणजे अगदी क्षणार्धाचे जोरदार झोत सोडणारा, 1,064 असतो. त्याने चेहरा चार दिवस तुकतुकीत दिसतो, पण खड्डे भरायची अपेक्षा त्याच्याकडून ठेवू नका.

अपेक्षेचं निघालंच आहे तर स्पष्ट बोलते. बारीक सुरकुत्या, मोठी छिद्रं, उथळ खड्डे, खरखरीतपणा, थकल्यासारखी दिसणारी त्वचा, इथे फायदा होतो आणि तो हळूहळू दिसतो. लोंबलेली हनुवटी वर जाणार नाही. सुईने टोचल्यासारखे खोल अरुंद खड्डे याने भरत नाहीत, त्याला वेगळे उपाय आहेत. वांग असेल तर खूप सांभाळून, कारण उष्णतेने वांग भडकतो, आधी क्रीम आणि सनस्क्रीनवर काही महिने काढायचे आणि लेझर अगदी शेवटी, तेही डॉक्टर म्हणाले तरच. आणि याने कुणी गोरं होत नाही. मुलीला घेऊन येणाऱ्या आया हे विचारतात असं माझ्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, फार वाईट वाटतं ऐकून. त्वचा चांगली असणं आणि ती गोरी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पोरींना हे घरातच सांगा.

डॉक्टर निवडायला वेळ द्या. कॉलेज रोड, गंगापूर रोड, कॅनडा कॉर्नर, इंदिरानगर, कुठेही जा दर दोन इमारतींमागे स्किन अँड लेझरचा बोर्ड आहे. बोर्ड नका बघू, नावापुढची डिग्री बघा. त्वचारोगाची एमडी, डीएनबी किंवा डिप्लोमा असला पाहिजे आणि महाराष्ट्र मेडिकल काउन्सिलचा रजिस्ट्रेशन नंबर असला पाहिजे. नंबर विचारायला लाजू नका, खऱ्या डॉक्टरला त्याचा राग येत नाही. मग हे विचारा: हँडपीस तुम्ही स्वतः धरणार का असिस्टंट, मशीनचं नाव आणि नॅनोमीटर काय, माझ्या रंगाच्या पेशंटचे तुमच्याकडचे आधीचे-नंतरचे फोटो आहेत का, डाग पडला तर तुम्ही काय करता. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नीट ऐका. आमच्याकडे डाग पडतच नाहीत असं म्हणणाऱ्यापेक्षा पडू शकतो आणि पडला तर असं-असं करतो म्हणणारा डॉक्टर मला जास्त विश्वासाचा वाटतो. पैशाचं विचारताना सुन्न करायचं क्रीम आणि नंतरच्या तपासण्या त्यात धरल्यात का तेही विचारा, आणि पाच सिटिंगचं पॅकेज एकदम भरू नका. पहिल्या सिटिंगनंतर आपली त्वचा कशी वागते ते कुणालाच आधी माहीत नसतं. मेडिक्लेममधून मिळेल अशी आशा नको, सौंदर्यासाठीचे उपचार त्यात बसत नाहीत.

माझ्या मावसबहिणीचं सांगते. लग्नाला अठरा दिवस राहिले होते, एका ठिकाणी ऑफर होती, तिथे डॉक्टर नव्हतेच, एका मुलीने दोन-तीन प्रश्न विचारले आणि लगेच लेझर केलं, टेस्ट पॅच म्हणजे आधी छोट्या जागेवर करून बघणं वगैरे काही नाही. चार दिवसांनी दोन्ही गालांवर आठ आण्याच्या नाण्याएवढे तपकिरी ठसे. हळदीच्या दिवशी ती आरशासमोर बसून रडत होती आणि मी काकूंना सांगत होते की हळद गालाला नका लावू हात-पायांनाच लावा, आणि काकू म्हणत होत्या अगं हळदीनेच जाईल की ते. ठसे जायला सात महिने गेले. म्हणून माझा हट्ट आहे, लग्न असेल तर शेवटचं सिटिंग लग्नाच्या तीन महिने आधी, आणि टेस्ट पॅच झाल्याशिवाय अख्खा चेहरा नाही. टेस्ट पॅच कानाच्या पुढे किंवा जबड्याच्या कडेला करतात आणि मग तीन-चार आठवडे थांबायचं, कारण आपल्या त्वचेवर काळेपणा दर वेळी लगेच दिसतो असं नाही, बऱ्याचदा तो दोन-तीन आठवड्यांनी वर येतो.

त्वचेचे सहा प्रकार म्हणून डॉक्टर जे सांगतात त्याचंही एक आहे. 1975 मध्ये थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी पहिल्यांदा ती वर्गवारी केली तेव्हा ती गोऱ्या लोकांच्याच चार प्रकारांची होती, तपकिरी आणि काळी त्वचा पाच-सहा नंबर म्हणून नंतर जोडली. आपण बहुतेक जण चार आणि पाचमध्ये येतो. परदेशी व्हिडिओत एखादी बाई तिसऱ्या दिवशी गुलाबी गाल दाखवते ते बघून आपला हिशोब करू नका, तिचं मशीनचं सेटिंग आपल्याला लागूच होत नाही.

आता आधीची तयारी. दोन-तीन आठवडे आधीपासून रोज सनस्क्रीन, एसपीएफ 30 च्या वरचं आणि पीए प्लसवालं म्हणजे यूव्हीए किरणही अडवणारं, चेहरा आणि मान मिळून दोन बोटांच्या लांबीएवढं, बाहेर असाल तर दर दोन-तीन तासांनी परत. रेटिनॉल, ट्रेटिनॉइन, ग्लायकोलिक असलं काही लावत असाल तर डॉक्टर सांगतील तितके दिवस बंद, साधारण आठवडाभर आधी. ब्लीच, वॅक्सिंग, थ्रेडिंग, पार्लरचं फेशियल, घरचं लिंबू आणि स्क्रब, सगळ्याला सुट्टी.

डॉक्टरांपासून काही लपवू नका, विशेषतः क्रीमचं. मेडिकलमधून आणलेली, मैत्रिणीने सांगितलेली गोरेपणाची ट्यूब बऱ्याचदा स्टेरॉइडची असते. ती महिनोन् महिने लावली की त्वचा पातळ होते, लाल होते, केस येतात, अशा चेहऱ्यावर लेझर म्हणजे आगीत तेल. ट्यूब पिशवीत घालून घेऊन जा आणि टेबलावर ठेवा. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या घेतल्या असतील, जिच्यामुळे उन्हात त्वचा लवकर भाजते अशी अँटिबायोटिक चालू असेल, ताप येऊन गेला की ओठाच्या कडेला बारीक फोडांचा घोस येत असेल, जखमेचा वण फुगून वाढायची सवय असेल, दिवस गेले असतील, सगळं सांगा. ओठावर फोड येणाऱ्यांना आधीच गोळी सुरू करतात, नाहीतर लेझरनंतर ते फोड चेहराभर पसरू शकतात.

आणि एक गोष्ट जी मला कुणी सांगितली नव्हती, माझ्या सासूबाईंमुळे कळली. त्यांच्या कपाळावर आणि हनुवटीवर गोंदण आहे, त्या सोबत आल्या होत्या आणि मॅडमनी बघून लगेच सांगितलं की गोंदणावर क्यू-स्विच्ड लेझर पडला की ती शाई फुटते. आजकाल भुवया टॅटू करतात, ओठांना परमनंट रंग भरतात, त्या रंगात लोह किंवा टायटॅनियम असेल तर लेझरने तो उडायच्या ऐवजी काळा पडतो. तेव्हा भुवया केल्या असतील तर सांगा, त्या झाकून घेतात.

सिटिंगच्या दिवशी साधा सुती, समोरून बटणाचा ड्रेस घाला, डोक्यावरून काढावा लागणारा कुर्ता नको. टिकली, चमकी, कानातलं काढून ठेवा. तिथे आधी चेहरा धुऊन फोटो काढतात, काढत नसतील तर तुम्ही मागा. मग सुन्न करायचं क्रीम, बहुतेक लिडोकेन आणि प्रिलोकेनचं, पाऊण तास ते तासभर. हे घरून लावून येऊ नका, जास्त जागेवर जाड थर देऊन प्लास्टिक गुंडाळलं तर ते अंगात शोषलं जाऊन त्रास होतो, ते क्लिनिकमध्येच लावायचं आणि पूर्ण पुसून घ्यायचं.

डोळ्यांवर धातूचे किंवा पूर्ण अपारदर्शक गॉगल लावतात. ते लावल्याशिवाय हँडपीस सुरू होऊ देऊ नका, या बाबतीत अजिबात भीड नको, 1,064 चा किरण तर डोळ्याला दिसत नाही आणि सरळ पडद्यापर्यंत जातो.

आणि मग सुरू होतं. उजव्या गालापासून केलं माझं. एका हातात हँडपीस, दुसऱ्या बाजूने नर्स थंड हवेची नळी धरून, नाकाशी इतका गारवा की श्वास घ्यायला विसरते आपण. प्रत्येक ठशाला रबरबँड मारल्यासारखा चटका आणि लगेच मागून ऊब पसरते. गालावर काही नाही, पण कपाळाला आणि वरच्या ओठाला चांगलं झोंबतं, ओठाच्या वेळी मॅडमनी दात आणि ओठ यांच्यामध्ये ओला गॉजचा बोळा ठेवला. वीसेक मिनिटांत चेहरा झाला. चटका सहन होण्यासारखा असावा, भाजल्यासारखी असह्य कळ आली किंवा एखादा ठसा पांढरट-राखाडी दिसला तर तिथेच थांबायला सांगा, सोसायचं नाही. बाकी चेहरा लाल आणि थोडा फुगलेला दिसणं हे बरोबर आहे. घरातल्या पुरुषांना करायचं असेल तर एक सूचना, लाँग पल्स 1,064 हाच केस काढायला पण वापरतात, तेव्हा दाढीच्या भागावर केस कमी होऊ शकतात, दाढी ठेवणाऱ्यांनी आधीच विचारून घ्यावं.

पहिल्या दिवशी संध्याकाळी चेहरा उन्हात दिवसभर फिरल्यासारखा तापतो. स्वच्छ रुमालात गुंडाळून बर्फ, पाच-पाच मिनिटं. रात्री दोन उशा घेऊन झोपा. दुसऱ्या दिवशी सकाळी डोळ्यांखाली सूज असते, घाबरू नका, दोन-तीन दिवसांत उतरते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी गंमत असते, गाल तपकिरी दिसतात आणि जवळून आरशात बघितलं तर चहाच्या बारीक पुडीसारखे दाणे दिसतात, हात फिरवला की कोरडा रवा लागतो हाताला. हे ठिपक्यांमधलं जळालेलं बाहेर येत असतं. पाचव्या ते सातव्या दिवसापर्यंत चेहरा धुताना आपोआप जातं. आपोआप म्हणतेय मी, टॉवेलने घासून नाही, उटण्याने नाही, बेसन-दही लावून नाही. एवढं एक पाळलंत तरी अर्धे डाग वाचतील.

त्या आठवड्यात कोमट पाणी, साबणाच्या ऐवजी सौम्य क्लिन्झर, बिनवासाचं मॉइश्चरायझर भरपूर आणि सकाळी डॉक्टरांनी सांगितल्या वेळेपासून सनस्क्रीन. व्हिटॅमिन सी, रेटिनॉल, सगळं बंद. वाफ नाही, जिम नाही, पोहणं नाही. आणि चूल-तवा. आपल्याला कुणी सांगत नाही पण ज्वाळेसमोर उभं राहून वीस भाकऱ्या भाजणं ही पण चेहऱ्याला उष्णताच आहे. दोन-तीन दिवस भाकरी घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी करू द्या. मी मिस्टरांना सांगितलं, त्यांनी केल्या, नकाशे झाले पण खाल्ल्या सगळ्यांनी.

स्कार्फचं सांगते कारण आपल्याकडे अ‍ॅक्टिवावर सगळ्या पोरी डोळे सोडून सगळं बांधून फिरतात. ती सवय चांगलीच आहे, फक्त तो गाडीच्या डिक्कीत महिनाभर पडलेला नायलॉनचा स्टोल नको. मऊ सुती, रोज धुतलेला, सैल बांधलेला, आणि आतून सनस्क्रीन हवंच. द्वारका सर्कलला सिग्नलवर पाच मिनिटं उभं राहिलं की स्कार्फच्या विणीतून पण ऊन लागतं.

आता माझी चूक. दुसरं सिटिंग डिसेंबरच्या सुरुवातीला झालं, सातव्या दिवशी चेहरा इतका छान दिसायला लागला की मला वाटलं झालं आता. नवव्या दिवशी निफाडकडे मामेभावाचं लग्न, लॉनवर, दुपारचा मुहूर्त. सकाळी आठला सनस्क्रीन लावलं होतं, परत लावलंच नाही कारण वर मेकअप होता. निफाडची थंडी तुम्हाला माहितीये, ऊन अंगावर घेतच उभे होतो सगळे, कोवळंच आहे म्हणत, दीड वाजेपर्यंत. पंधरा दिवसांनी डाव्या गालाच्या हाडावर तपकिरी छटा आली, आधी वाटलं मेकअप नीट निघाला नाही, मग कळलं. हवा गार असली तरी दुपारच्या उन्हात ते किरण असतातच, आणि लेझर झालेली त्वचा त्यावेळी रंग बनवायला टपलेलीच असते.

मॅडमनी जे केलं ते लक्षात ठेवण्यासारखं आहे. तिसरं सिटिंग सरळ रद्द केलं. डागावर लगेच दुसरं लेझर मारू असं म्हणाल्या नाहीत. रात्री लावायला त्यांनी लिहून दिलेलं क्रीम ठरलेल्या आठवड्यांपुरतं, दिवसा रंगीत सनस्क्रीन, ज्यात आयर्न ऑक्साइड असतं ते, कारण साधं सनस्क्रीन डोळ्याला दिसणारा प्रकाश अडवत नाही आणि तोही सावळ्या त्वचेवर डाग गडद करतो. पाच महिने लागले. उरलेली दोन सिटिंग पुढच्या दिवाळीनंतर केली, तेव्हा दोन्ही वेळा मॅडमनी ठिपके आधीपेक्षा विरळ ठेवले आणि अंतर सहा आठवड्यांचं.

तुमच्याकडे असा डाग आला तर घाबरून मेडिकलवाल्याला ट्यूब विचारू नका. डॉक्टरला दाखवा. आणि काही गोष्टींना दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही, लगेच फोन करायचा: पाण्याचे फोड, पू, तिसऱ्या दिवसानंतर कमी व्हायच्या ऐवजी वाढणारं दुखणं, ओठाजवळ दुखरे बारीक फोड, ताप, किंवा एकाच जागी वाढत चाललेला लालपणा.

रिझल्ट बघायची पण पद्धत आहे. रोज आरशात बघाल तर काहीच दिसणार नाही आणि पहिल्या आठवड्यात जे तुकतुकीत दिसतं त्यातलं बरंचसं सूज असते, ती उतरली की वाटतं पैसे वाया गेले. म्हणून महिन्यातून एकदा फोटो, एकाच खिडकीपाशी, एकाच वेळी, चेहरा धुऊन, ब्यूटी मोड बंद करून, समोरून आणि दोन्ही बाजूंनी. खड्डे बाजूच्या उजेडातच दिसतात, समोरच्या फ्लॅशमध्ये सगळे भरल्यासारखेच वाटतात, म्हणून क्लिनिकच्या जाहिरातीतले फोटो बघताना पण उजेड कुठून येतोय ते बघा. शेवटच्या सिटिंगनंतर तीन महिन्यांनी खरी तुलना करायची, सहा महिन्यांनी परत एकदा.

माझे फोटो आमच्या स्वयंपाकघराच्या पूर्वेच्या खिडकीतले आहेत, सकाळी साडेसातचे. पहिला पहिल्या दिवाळीचा आणि शेवटचा दुसऱ्या हिवाळ्यानंतरच्या जूनचा. डोळ्यांच्या कडेच्या रेषा हसल्यावर येतात, हसणं थांबलं की आता राहत नाहीत. नाकाजवळची छिद्रं आहेत पण उन्हाचा तिरपा उजेड पडला तरी सावली पडत नाही त्यांची. उजव्या गालावरचे तीन खोल खड्डे तसेच आहेत, मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं तसेच.